अण्णांसाठी थांबायचं म्हटलं तर

रविवार, ८ जून. कितीतरी महिने इथे काही लिहिलं नाही, माफ करा.

जर्मनीतून आयटीच्या कंत्राटी कामाचं बोलावणं आलंय. सध्या परदेशी कंपनीचं काम सोनपेठच्या घरातूनच हेडफोन लावून करतो.

आज मामा आले होते. म्हटलं, "जावंसं वाटतं, पण अण्णांना या वयात टाकून कसा जाऊ?"

"श्रावणबाळ हायस बाबा," मामा म्हणाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हसले. "कशाचा श्रावणबाळ! परवा मी न्हाणीत पडलो. लय हाका मारल्या. ह्यो दार लावून गोऱ्यासंगं बोलायलाय! शेवटी शेजारच्या गणपतनं उचललं."

मला हे आजच कळलं. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायला तू भेटतूस कवा? तिकडं गेलास तर फोन तरी करशील. जा. माझ्या नावावर थांबू नको."



खरं सांगतो, चाळिशीनंतर परक्या देशात कंत्राटावर जायची भीती मलाच वाटते. ती झाकायला मी अण्णांचं म्हातारपण वापरत होतो. तुम्ही कोणाचं कारण सांगून थांबलात?

उद्या: न्हाणीत धरायला दांडी बसवून घेणे.