पेन्सिलने काढलेली फांदी

वसंतनाना बोरसे गेल्याचा फोन आला तेव्हा सावद्याला आमच्या घरी कानबाईच्या रोटांचे गहू मोजणं चाललं होतं. श्रावणातला शनिवार, दुसऱ्या दिवशी देवी बसणार होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, धुतलेल्या चक्कीवर दळायचा आणि त्या पिठाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, अशी आमची रीत. बायको नावं घेते, मूठ मी घालतो. मोठ्या मुलाचं झालं होतं, धाकट्याची मूठ हातात होती आणि फोन वाजला. धुळ्याहून नानांचा मुलगा संजय बोलत होता. "काका, नाना गेले. सकाळीच." मग तो म्हणाला, "शुद्धीत होते तोवर सांगत होते, सावदाले निरोप धाड, त्यासले बी सुतक शे. म्हणून पहिला फोन तुम्हालाच केला." मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला... आणि हातातली मूठ परातीत टाकली.

फोनवरचं बायकोलाही ऐकू गेलं होतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सुतक असलं की देवी बसत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. "अहो, मंग आता?" तिने विचारलं. मी म्हणालो, "मग काय? पुढचं नाव घे." ती म्हणाली, "सुतक शे म्हने ना तो पोरगा." मी ओरडलो, "कोणाचं सुतक? त्यांच्या वंशावळीच्या झाडावर मी कोण आहे? देवी माझ्या घरी बसणार म्हणजे बसणार!" तिने परातीतले गहू हाताने सारखे केले. मग खाली बघूनच म्हणाली, "मंग ते नाना आपल्याकडे रोट जेवून गेले, ते कोन व्हते?" मी पुढची मूठ घातली. त्या दिवशी धुळ्याला गेलो नाही. दहाव्यालाही नाही. आमच्या मंडळातले सगळे जाऊन आले.

हे मंडळ म्हणजे आडनावांचा आणि पूर्वजांचा शोध घेणाऱ्या पाच-सात रिकामटेकड्यांचं, असं मी पहिल्यांदा म्हणालो होतो. जळगावला मेहरूणमध्ये सुशीलाअक्कांच्या घरी महिन्यातून एका रविवारी ते जमायचे. अक्का पोस्टातून निवृत्त झालेल्या, माहेर फैजपूरचं, जिभेला धार. त्या प्रत्येक वंशावळीवर एकच प्रश्न विचारायच्या, "तुम्ही एकमेकांचे बाप शोधता रे, पण या सगळ्यांना आया होत्या की नाही?" मी तिथे गेलो तो हौसेने नाही, रागाने गेलो. माझं आडनाव धुळेकर. आजोबा धुळ्याकडून पायी सावद्याला आले आणि केळीच्या मळ्यात कामाला लागले. लोक धुळेकर म्हणू लागले, तेच शाळेत लागलं. सावद्यात आम्ही धुळेकर आणि धुळ्यात विचारलं तर सावद्याचे. मी घड वाहिले, ट्रक भरले, दिल्लीपर्यंत माल पाठवला, स्वतःची पिकवणीची वखार बांधली. पण मुलाच्या सोयरिकीच्या वेळी समोरच्याने विचारलं, "तुमची भाऊबंदकी कुठली?" आणि मला सांगता आलं नाही.

घरात एवढंच माहीत होतं की आजोबा तिघा भावांत धाकटे. एका श्रावणात थोरल्या भावांनी रोटाचे गहू मोजले आणि त्यांच्या नावाची मूठ घातलीच नाही. विसरले की मुद्दाम, देव जाणे. आजोबा उठले ते परत त्या गावाला गेले नाहीत. वडील ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. तो चढलेला आवाज मला वारशात मिळाला.

वसंतनाना त्याच मंडळातले, धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बुटके, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात अर्धं ब्लेड. पहिल्या भेटीत चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमना आजाना बापनं नाव काय?" मी सांगितलं तसे ते थांबले. म्हणाले, "आमच्यातबी ह्या नावाचा एक शे." ब्लेडने पेन्सिल तासली, तासलेला भुसा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. अक्कांची फरशी घाण होऊ नये म्हणून, असं मला वाटलं. नंतर कळलं, स्वतःच्या घरीही ते तसंच करायचे.

पुढची दोन-तीन वर्षं आम्ही दोघं पुष्कळ फिरलो. माझी गाडी, त्यांचा डबा. पांझरेकाठी बोरशांचं जे मूळ गाव, तिथे म्हाताऱ्या माणसांजवळ बसलो, शेताचे जुने उतारे काढले, वंशावळ वाचणाऱ्या भाटाला गाठलं. सगळीकडे त्या नावाच्या पूर्वजाचे थोरले दोघे मुलगे सापडायचे, तिसरा नाही. माझे आजोबा कुठेच नव्हते. एका दुपारी त्या गावच्या पारावर बसून मी नानांशी सौदा करायला लागलो. आज आठवलं की हसू येतं आणि मग ते हसू राहत नाही. मी म्हणालो, "नाना, एक रेघ मारायला तुमचं काय जातं?" ते म्हणाले, "पुरावा नाही भाऊ." मी म्हणालो, "बरं, आजोबांना सख्खा भाऊ नका लावू. चुलत लावा." नाना भाकरीचा घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिले आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. "पूर्वज काय केयी शेतस का, भाव करी राहिनात? आता म्हणशात दांडानी कटती काढी ल्या!" केळीच्या घडाचं वजन करताना दांड्याचं वजन कापतात, तेवढं त्यांनी माझ्याकडूनच ऐकून ठेवलं होतं. पारावरचे लोकही हसले. मीही हसलो, पण मनात नाही.

त्यांचं झाड मोठ्या ड्रॉइंग पेपरांचं होतं, चिकटवून चिकटवून भिंतीएवढं केलेलं. पुरावा असलेली नाती काळ्या शाईत. ज्याची खात्री नाही ते पेन्सिलमध्ये. आमची फांदी पेन्सिलमध्ये होती, आजोबांपासून माझ्या नातीपर्यंत. नातीचं नाव अक्कांनी भांडून घालायला लावलं होतं.

मग एका श्रावणात मी नानांना कानबाईला सावद्याला बोलावलं. नुसतं दर्शनाला नाही, रोटाला. माझ्या मनात डाव होता, तो आता लपवून काय उपयोग? रोट बाहेरच्याने खायचे नसतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी त्यांच्या नावाची सव्वा मूठ घातली आणि पानावर बसवलं. नाना ताटाकडे बघत राहिले. बायको वाढायची थांबली. मग त्यांनी बाह्या सावरल्या आणि म्हणाले, "वाढ माय, भूक लागनी." चांगले पोटभर जेवले, वर खीर मागून घेतली. हात धुताना मी लगेच म्हणालो, "आता शाई करा नाना! रोट खाल्ले तुम्ही." ते टॉवेलला हात पुसत म्हणाले, "ताटाला पुरावा लागत नाही भाऊ. कागदाला लागतो." मला वाटलं, म्हाताऱ्याने जेवून घेतलं आणि सौदा मोडला. त्यांनी काय दिलं, ते मला दिसलंच नाही. मी कागदावरचं मागत होतो.

गेल्या उन्हाळ्यात जळगावला एका हॉलमध्ये मंडळाने वंशावळींचं प्रदर्शन मांडलं. बोरशांची घरंच्या घरं आली. मी सगळं कुटुंब नव्या कपड्यांत घेऊन गेलो, पेढ्यांचा खोका गाडीत तयार. माझी खात्री होती की एवढ्या लोकांसमोर तरी नानांनी शाई केली असेल. नव्हती केली. सगळ्या झाडाच्या काळ्याभोर फांद्यांमध्ये आमचीच तेवढी राखाडी. एका बोरशाने तिच्यावर बोट ठेवून सहज विचारलं, "ही पुसट फांदी कोणाची?" आणि माझा तोल गेला. मी नानांना भरल्या हॉलमध्ये म्हणालो, "तुमच्या झाडावर आम्ही काय बांडगूळ आहोत का? भाऊबंद म्हणवून जेवायला येता आणि लिहिताना हात आखडतो! आजपासून तुमचं सुख आम्हाला नको आणि तुमचं सुतकही नको." नानांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला ते वाकले, वर आले तेव्हा मी दाराशी पोचलो होतो. मागून त्यांची हाक आली, "भाऊ, ऐकी तरी ल्या..." मी ऐकलं नाही. तीच शेवटची भेट.

हे मी रागात बोललो, असं म्हणून सुटता आलं असतं. माणूस रागात बोलतो आणि विसरतो, माझं तर आयुष्यच त्याच्यावर चाललं आहे. पण श्रावणात संजयचा फोन आला तेव्हा मी रागात नव्हतो. तेव्हा मी हिशेब केला. पाहुणे बोलावलेले, मांडव घातलेला, आणि ज्यांनी शाई दिली नाही त्यांच्यासाठी मी देवी का थांबवू? जन्मभर ज्या घरात आमची मूठ घाला म्हणून भांडलो, त्या घराने सुतकाचा निरोप धाडून माझ्या नावाची मूठच घातली होती. बोरशांच्या घरचं दुःख माझं म्हणून मोजून दिलं होतं. मी ते परत केलं.

देवी बसली, गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन विसर्जन झालं. रोट मात्र संपेनात. धाकटा मुलगा पुण्याहून आलाच नाही, मोठा दोन घास खाऊन वखारीत गेला. बाहेरच्याला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत. वाळलेले रोट दुधात कुस्करून मी रोज एकटा खात बसायचो. नाना जेवले त्या वर्षी डबा दुसऱ्याच दिवशी रिकामा झाला होता.

नंतर न राहवून मी आमच्या गुरुजींना विचारलं, "सुतक उशिरा धरलं तर किती दिवसांचं?" ते म्हणाले, "बातमी उशिरा कळली तर तीन दिवस. फारच उशीर झाला असेल तर नुसती आंघोळ." मला बरं वाटलं. म्हणालो, "मग तीन दिवस धरतो." गुरुजींनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?" मी म्हणालो, "तसं... त्याच दिवशी." गुरुजींनी पंचांग मिटलं. "मग त्यात काही कमी-जास्त होत नाही, शेठ. ते गेलं."

पितृपक्ष लागायच्या आधी अक्कांचा फोन आला. त्या रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला पूर्वजच हवे होते ना? झाला आता एक. तो तरी सांभाळा." दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. संजयने दार उघडलं, चहा केला. मग नानांच्या खोलीत नेलं. भिंतीवर झाड होतं. मी आमच्या फांदीपाशी गेलो. वाटलं होतं, एव्हाना ती दिसेनाशी झाली असेल. पण ती ठळक होती, चकाकत होती. जवळून पाहिलं तर कागदावर खोबणीसारखी रेघ उमटलेली. मी विचारलं, "ही आता काढली का?" संजय म्हणाला, "नाही काका. पेन्सिल पुसट होते ना. तशी ती झाली की नाना परत ओढायचे. तुम्ही भांडून गेलात त्यानंतरही. आई म्हणायची, एकदाची शाई करून टाका, कटकट मिटेल. तर म्हणायचे, शाई करसू तवय करसू, तोपर्यंत पुसू देवाव नही." मग त्याने विचारलं, "आता मी करू का शाई, काका? तुमची इच्छा असेल तर." ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं घसा फोडला, तो समोर आला होता, आणि मी "नको" म्हणालो.

शाई नानांनी करायला हवी होती, हे माझं अजूनही म्हणणं आहे. समोर असते तर आजही भांडलो असतो. पण समोर ते नाहीत. संजयने दिलेली झाडाची लहान प्रत, आमची फांदी पेन्सिलमध्येच असलेली, आता वखारीतल्या माझ्या टेबलामागे लावली आहे आणि नानांची एक पेन्सिल, अर्धं ब्लेड खणात आहे. माझा हात जड, ट्रकांवर घड चढवलेला. तासताना शिसं मोडतं. भुसा मी कागदात गुंडाळतो आणि खिशात ठेवतो. रेघ पुसट झाली की ओढायची, अशी नानांची पद्धत. पण पुसट होईपर्यंत थांबायचा धीर माझ्यात नाही. मी रोज ओढतो.