यादीतलं नाव कमी करा

रविवारी संध्याकाळी आमच्या अकोल्याच्या घरात कुणी टीव्ही लावत नसे. मुलीच्या मोबाइलवर यादी यायची असायची. अमरावतीला तिच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ आहे आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला स्नेहसंमेलनात करंडक देतात. पूर्वी नाव एकदाच, अगदी शेवटी कळायचं. यंदा तिथल्या क्रीडा शिक्षकांच्या डोक्यात आलं, की दर आठवड्याला पहिल्या पाच जणींचे नंबर ग्रुपवर टाकावे, म्हणजे पोरी ईर्षेनं खेळतील. खेळल्याच की. माझी तर गुडघा फिरेपर्यंत खेळली.

तेव्हा ती यादीत पहिली होती. गुडघा कवठाएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, आतला लिगामेंट अर्धा फाटलाय, दोन महिने पळायचं नाही. पुन्हा पाय मुरगळला तर ऑपरेशन, आणि त्यानंतर पळण्याचं मी काही सांगू शकत नाही. मग ती घरी, पाय उशीवर आणि डोळे मोबाइलवर. पहिलीची दुसरी झाली, दुसरीची चौथी. तिला कुणी हरवलं नव्हतं, पडल्यापडल्याच ती खाली चालली होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरांना नंबर देण्यात आणि पहिल्या आलेल्यासाठी टाळ्या वाजवून घेण्यात माझा जन्म गेला. पण तो नंबर पोराबरोबर घरी जाऊन काय करतो, ते मी पहिल्यांदाच बघत होते. यादीच्या दिवशी ती अर्धी भाकरी तशीच ठेवायची.

तिच्या जागी वर चढत होती ती तिचीच रूम पार्टनर. धारणीकडच्या एका खेड्यातली पोरगी, बचावाला खेळते आणि कुणाला पुढे सरकू देत नाही. माझी मुलगीच मला तिचे व्हिडिओ दाखवायची. "पाह्य आई, कशी उभी राह्यते." त्यात कौतुकही होतं आणि जळणंही होतं. मला दोन्हींचा राग यायचा.

प्रॅक्टिकल आहे सांगून ती अमरावतीला गेली. चार दिवसांनी त्या रूम पार्टनरचा फोन आला. "काकू, मी सांगतलं म्हणून सांगू नका. ती उद्याच्या फायनलले उतरून राहिली. सरायले सांगतलं तिनं, पाय बरा झाला." माझी मुलगी बाहेर बसली तर जिचा पहिला नंबर पक्का, तीच पोरगी फोनवर रडत होती.

सकाळची गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, माझ्या डोक्यातलं भांडण काही संपलं नाही. त्या शिक्षकांच्या खोलीत मैदान आखायच्या फक्कीची पोती आणि गोलच्या जाळ्या पडल्या होत्या. मला बघताच ते उठले आणि मी बसायच्या आत बोलायलाच लागले.

"मॅडम, तुमचं मन समजते मले. पण एक नंबर आता नाही देता येत. ती धारणीची पोरगी लय मेहनत करून राहिली. परवा एका मुलीचे मामा आलते, त्यायलेही मी हेच सांगतलं."

म्हणजे इथे आपला तो बाब्या म्हणणाऱ्यांची रीघच होती. मी म्हटलं, "सर, मी नंबर मागायला आले नाही. तिचं नाव यादीतून कमी करा."

त्यांना वाटलं मी रुसले. "रागावू नका मॅडम. तिसरा करून देतो."

मला हसू आलं. मी डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. तो वाचून ते खालीच बसले. पोरीनं त्यांना धडधडीत खोटं सांगितलं होतं.

"आज मी तिले बाहेर बसवतो," ते म्हणाले. "पण पुढं आणखी स्पर्धा आहेत. ती रोज येऊन समोर उभी राहीन, त्याचं काय?"

"म्हणून तर म्हणते, नाव काढा. नंबरच नसला तर पळेल कशासाठी?"

त्यांनी माझ्यासमोर नवी यादी ग्रुपवर टाकली. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

दुपारी मॅच सुरू झाली. मध्यंतराला आमचा संघ एका गोलनं मागे होता. मुलगी मैदानाच्या कडेनं माझ्याकडे आली, लंगडणं दिसू नये अशी जपून चालत. मी कशी आले, हे तिनं विचारलंच नाही.

"यादी पाह्यली मी," ती म्हणाली.

"मंग आता कशासाठी उतरतं?"

तिनं मैदानाकडे बोट केलं. तिथे तिची रूम पार्टनर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. "ती एकटी पडली तिथं. दहा मिनिटं, आई. सर म्हणते, तू हो म्हटलं तर उतरवतो."

सर दुसरीकडेच बघत होते. माझा कागद त्यांनी अलगद माझ्याच पदरात परत टाकला होता. आणि मी सगळा रोग त्या यादीत आहे असं धरून बसले होते! नाव कापलं गेलं, तरी पोरगी उभीच होती.

मी म्हटलं, "नाही."

तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट माझ्या पिशवीत ठेवून दिले.

आम्ही हरलो. पुढे स्नेहसंमेलनात करंडक रूम पार्टनरला मिळाला, आणि सभागृहात सगळ्यात जास्त वेळ टाळ्या माझ्या मुलीनं वाजवल्या. मला ते बघवेना.

आता परीक्षा आटोपून ती घरी आहे. डॉक्टर खूश आहेत. जिना धावत चढते. कॉलेजातून सरावासाठी दोनदा निरोप आला, ती गेली नाही. बूट अजून त्याच पिशवीत आहेत. आज कुणी पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन. आई दुसरं काय म्हणणार? पण हे मी स्वतःला फार वेळा सांगते.

परवा मेथी निवडताना सहज विचारलं, "गुडघा दुखते का गं अजून?"

"नाही. एकदम चांगला आहे," ती म्हणाली. "त्याले आता कामच काय आहे?"