कलम सतरा, मोठ्याने

आत्याला कुणी पत्र वाचायला दिलं की घरातले सगळे आधीच हसू दाबून बसायचे. "प्रिय ताई स्वल्पविराम आईला आता बरं आहे पूर्णविराम काळजी नसावी पूर्णविराम," असं ती एकसुरात वाचत जायची. बातमी लग्नाची असो की मरणाची, सूर तोच. तिला सांगून आलेल्या स्थळाचं पत्रही तिने स्वतःच असं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. शेवटचा पूर्णविराम येईपर्यंत आजोबांनी त्या लग्नाची आशा सोडली होती.

दोष तिचा नव्हता. सरकारी छापखान्यात अकरा वर्षं ती हेच काम करत होती. छापलेला मजकूर तपासायला दोघं लागतात. एकाने मूळ कागद हातात धरून विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने समोरच्या प्रुफावर, म्हणजे कच्च्या छापावर, लाल पेन्सिल चालवायची. आत्या वाचायची आणि तिचे जोडीदार चष्मेवाले काका खुणा करायचे. "अर्थ डोक्यात शिरला की चुका दिसत नाहीत," हे तिचं ठाम मत. म्हणून अर्थाला ती छत्रीसोबत दाराबाहेरच ठेवून यायची. अकरा वर्षांत तिने शेकडो कायदे वाचले आणि एकही समजून घेतला नाही, याचा तिला अभिमान होता.

मग आमचा छोटासा देश स्वतंत्र झाला. पहिले काही महिने सगळे हवेतच होते. नंतर पिठाचा भाव दर आठवड्याला चढू लागला, रॉकेलला रांगा लागल्या आणि छापखान्यातला पगार मात्र जुन्या राज्यकर्त्यांनी सोडला तिथेच ठाण मांडून बसला. नेमका त्याच दिवसांत राज्यघटनेचा मसुदा छपाईला आला. प्रुफं वाचणाऱ्यांकडून शपथ घेतली गेली, की घटना जाहीर होईपर्यंत हे काम सोडणार नाही आणि तिच्यातला एक शब्दही बाहेर फुटणार नाही. फुटला तर नोकरी गेली. हे बजावताना छापखान्याचे मोठे साहेब म्हणाले, "मीसुद्धा हीच शपथ घेतली आहे, बाई." साहेब माणूस सरळ, पण नियम समोर आला की त्यांना दरदरून घाम फुटायचा.

मसुदा छपाईसाठी जुळवून झाला, फक्त तपासणी उरली, आणि महागाई भत्त्यासाठी संप सुरू झाला. यंत्रं चालवणारे आणि खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारे असे दोनशे जण फाटकाबाहेर येऊन बसले. त्यांचा पुढारी होता आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे बाबा. शपथेने बांधलेली आत्या रोज सकाळी त्यांच्यासमोरून मान खाली घालून आत जायची. घरी दोघांचा अबोला. आमच्या घराण्याला अबोला फार छान जमतो. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आजोबांमार्फत मागितलं जायचं. संप लांबला तर सगळं घर आत्याच्या एकटीच्या पगारावर चालणार होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच दोघंही जास्त चिडलेली होती.

संपाच्या पाचव्या दिवशी, तिसरं प्रूफ वाचताना, आत्या सतराव्या कलमाशी थांबली. मग तिने तेच कलम पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तिसऱ्यांदा.

चष्मेवाल्या काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाई, आज तुम्ही वाचताय की ऐकताय?"

"ऐकतेय," आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच."

तेवढ्यात फाटकाकडून गलका आला. खिडकीतून पाहिलं तर शिपाई घेऊन फौजदार उभा. तो जुन्या राज्यकर्त्यांच्या वेळचा हुकूम वाचत होता: पाचांहून जास्त माणसांनी एका जागी जमायचं नाही. "दहा मिनिटांत पांगा, नाहीतर तुमच्या पुढाऱ्याला उचलतो." पांगले तर संप मेला, न पांगले तर बाबा तुरुंगात. बाबा जागचे हलले नाहीत. हट्टसुद्धा आमच्या घराण्याला छान जमतो.

आत्या जिना उतरून फाटकाबाहेर आली आणि संपामुळे तिथेच पडून राहिलेल्या कागदाच्या एका गठ्ठ्यावर चढली. तिच्या हातात कागद नव्हता, तरी सवयीने तिने दोन्ही हात कागद धरल्यासारखे समोर धरले.

"कलम सतरा पूर्णविराम प्रत्येक नागरिकाला स्वल्पविराम मग तो कोणत्याही कामधंद्याचा असो स्वल्पविराम शांतपणे जमण्याचा आणि आपलं गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राहील पूर्णविराम."

दोनशे माणसं हसत सुटली. दोन शिपाईही हसले. फौजदार नाही हसला.

"हे कुठलं काढलंत?"

"घटनेतलं."

"कधी झाला हा कायदा?"

"व्हायचाय. तिसरं प्रूफ चाललंय."

"मग आज लागू नाही."

"नाही ना. आज तुम्ही यांना उचला. महिन्याभराने हेच लोक हे कलम छापतील. तेव्हा तोंड कुठे लपवायचं, तेवढं ठरवून ठेवा."

फौजदाराने आत्याच्या मागोमाग धावत आलेल्या मोठ्या साहेबांकडे पाहिलं. "खरंच आहे का हो असं त्यात?"

साहेबांना घाम फुटला. "मी शपथेने बांधलेला आहे. मला आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही."

"म्हणजे आहे," फौजदार म्हणाला. त्याने हुकमाची घडी करून खिशात घातली. "वर विचारून येतो." सरकारी माणूस वर विचारायला गेला की लवकर परतत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी मंत्रालयाने महागाई भत्ता मान्य केला आणि यंत्रं सुरू झाली.

राहता राहिली आत्याची नोकरी. साहेबांनी आरोपपत्र लिहायला घेतलं आणि अडकले. कोणते शब्द फोडले हे लिहायला हवं, आणि ते लिहिले तर साहेबांचीच शपथ मोडणार. चार मसुदे फाडून शेवटी त्यांनी लिहिलं, "कामाच्या वेळेत जागा सोडली. समज देण्यात आली आहे." तो कागद आत्याने चौकटीत बसवून घेतला. अजून आमच्या भिंतीवर आहे.

घटना जाहीर झाली त्या दिवशी सगळे यंत्रांच्या दालनात जमले. साहेबांनी पहिली छापील प्रत आत्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाई, कलम सतरा. आता मोठ्याने वाचायला हरकत नाही." आत्या तयारीने आली होती. चार दिवस बाबांनी तिला समोर बसवून चारचौघांसारखं वाचायला शिकवलं होतं.

"प्रत्येक नागरिकाला," ती म्हणाली आणि जीभ चावून थांबली.

"स्वल्पविराम," दोनशे माणसं एका आवाजात म्हणाली.

आत्याला हसू फुटलं. ती पुढे वाचू लागली. दुसऱ्या स्वल्पविरामाला साहेबही त्यांच्यात सामील झाले. "हक्क राहील" पाशी आली तेव्हा तिचा एकसुरी सूर पार मोडला होता. शेवटचा पूर्णविराम एकट्या बाबांनी म्हटला, कारण बाकीचे टाळ्या वाजवत होते आणि आत्याला रडू आवरत नव्हतं.