शनिवारी भरलेला मुठीचा डबा

मागच्या रविवारी केजला चर्च सुटल्यावर मी पिठाची पिशवी घेऊन मार्थामावशींकडे गेले. चर्चच्या मागच्या गल्लीत त्या एकट्याच राहतात.

आमच्या घरी एक जुनी पद्धत आहे. रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि आठवड्याचं पीठ चर्चच्या मंडळीतल्या गरजू घरी द्यायचं. सासूबाईंनी हे आयुष्यभर केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले आणि स्वयंपाकासोबत तो डबाही माझ्याकडे आला.

आता माझं कसं, सकाळी साडेसातची जीप पकडून शाळेवर जायचं. त्या घाईत मूठ हमखास राहायची. मग मी माझी आयडिया काढली... शनिवारी संध्याकाळी एकदम सात मुठी! वर एक जास्तीची. काम वेळेत पूर्ण म्हणजे शिस्त, असं मी वर्गात मुलांना सांगते, तेच घरी लागू केलं.

तर त्या रविवारी मावशींचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मावशी बाजेवर पडून, अंग तव्यासारखं तापलेलं. खुंटीला त्याच्या आधीच्या रविवारची पिशवी तशीच, मी मारलेली गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"पीठ हाय अजून बाई," त्या म्हणाल्या. "भाकर थापाया उठणंच झालं न्हाई."

सोमवारपासून ताप होता. शेजारचे ऊसतोडीला गेलेले, त्यामुळे विचारायला कुणी नाही. आणि मी तासभर चर्चमध्ये बसून आले होते, पण मावशी त्यांच्या जागेवर नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लाज वाटली... फार.

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस गेले असते तर अवघड होतं.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, शनिवारच्या सात मुठींसकट. वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यांनी एवढंच विचारलं, मूठ काढताना नाव घेत होतीस का?

मला काही कळेना. कुणाचं नाव?

"ज्याच्या घरी पीठ जायचं त्याचं. मूठ टाकली की त्याच्यासाठी प्रार्थना करायची. रोज नाव घेतलं की चार दिसांत एकदा तरी पाय तिकडं वळतोच बाई."

दोन वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, सुनेला माहीत असणार. मीही कधी विचारलं नाही, मला डबा भरल्याशी मतलब.

सोमवारपासून रोज मूठ काढतेय. पहिल्या दिवशी परातीसमोर उभं राहून नाव घेताना अवघडल्यासारखं झालं, एकदा जीपही चुकली. प्रार्थना कसली, दोन वाक्यं... पण मावशींचा चेहरा समोर येतो.

काल शाळेतून येताना घराच्या आधीच उतरले. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आज कावून आलीस? आज तर रविवार न्हाई."

म्हटलं, सहज आले.

चहा पिताना लक्षात आलं... दोन वर्षांत मी त्यांच्या दारात पहिल्यांदाच रिकाम्या हातानं आले होते. देवाचे आभार मानले, आणि अजून थोडा वेळ बसले.