कुलपांची माळ

वीजकेंद्रातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना कामगार तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की कुलूपमास्तर. माणूस प्रामाणिक होता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते कुणाला खरं वाटणार नाही. कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायले नाहीत. पण नाकावर माशी बसू देत नसत, आणि बसलीच तर तिचीही चौकशी लावतील अशी त्यांची ख्याती होती.

त्यांचा सगळा जीव कोळशाच्या पट्ट्यात अडकलेला. एका लांबच लांब रबरी पट्ट्यावरून कोळसा बॉयलरकडे जायचा. दुरुस्तीला माणसं आत शिरली आणि बाहेर कुणी बटण दाबलं, तर रोलर हाड आणि कोळसा यांत फरक करत नाही. म्हणून नियम असा, की आत जाणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि त्याची एकुलती एक किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. शेवटचं कुलूप निघेपर्यंत पट्टा हलणार नाही. धोका कधी संपत नसतो, मास्तर नव्या माणसांना सांगायचे, त्याची किल्ली तेवढी आपल्याकडे ठेवायची असते.

नियम सोन्यासारखा होता. वाट लावली ती मास्तरांनी त्याला जोडलेल्या शेपटाने.

दमलेली माणसं कधीमधी कुलूप तसंच लटकत ठेवून घरी जायची. मग पट्टा अडायचा, बॉयलर उपाशी राहायचा आणि वरचे लोक मास्तरांना फैलावर घ्यायचे. मास्तरांनी उपाय काढला. विसरणाऱ्याच्या गळ्यात जुन्या कुलपांची माळ घालायची आणि पाळी बदलताना त्याला फाटकाशी उभं करायचं. येणारेजाणारे दात काढायचे, फोटो काढायचे. एका वेल्डरची बायको डबा द्यायला आली आणि नवऱ्याला तसा उभा बघून डबा घेऊन तशीच माघारी गेली. विसरणं एकदम थांबलं. मास्तरांना वाटलं, माणसं सुधारली.

मग एकदा त्यांचा जावईच विसरला. त्याच पट्ट्यावर फिटर होता तो, चारचौघांत घास गिळायलाही संकोचणारा. म्हातारा आता काय करतो, म्हणून सगळे टपून बसले होते. मास्तरांनी सगळ्यात जड माळ काढली.

लेक घरी येऊन म्हणाली, "चार भिंतींत दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं, बाबा. सगळ्यांसमोर कशाला?"

"नियमाला जावई नसतो," मास्तर म्हणाले आणि त्या वाक्यावर स्वतःच खूश झाले. पुढे कितीतरी दिवस ते ज्याला त्याला ऐकवत होते.

जावयाने कानाला खडा लावला आणि बाजारातून आपल्या कुलपाची दुसरी किल्ली करून आणली. ती त्याने कामावरच्या जोडीदाराला दिली. कधी मी विसरलोच, तर मास्तरांची फेरी यायच्या आत गुपचूप काढ, म्हणाला. यात नवं काहीच नव्हतं. निम्म्या पट्ट्याच्या किल्ल्या अशाच एकमेकांच्या खिशात होत्या, कारण ही एकमेकांना जपणारी माणसं होती. मास्तर तेवढे अंधारात. ज्याच्या हातात माळ आहे, त्याला सांगायला कोण जातो?

त्या दिवशी दुरुस्ती आटोपून सगळे बाहेर आले आणि आपापली कुलपं काढून पांगले. जावई हात पुसत होता, तेवढ्यात त्याला आठवलं की पाना पट्ट्यावरच राहिला. पट्टा सुरू होताच पान्याने रबर चिरलं असतं. त्याचं कुलूप अजून जागेवर होतं, किल्ली खिशात होती. नियमाप्रमाणे तो अगदी सुरक्षित होता. कुणाला काही न सांगता तो परत आत गेला.

जोडीदार हातपाय धुऊन आला, तर स्विचवर एकटं कुलूप लटकलेलं आणि लांबून मास्तर येताना दिसताहेत. जावई कुलूप विसरून गेला, असंच त्याला वाटलं. पुन्हा माळ पडली तर हा पठ्ठ्या तोंड दाखवायला यायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने झटकन कुलूप काढून खिशात टाकलं आणि मास्तरांना सांगितलं, सगळे निघाले. मास्तरांनी मोकळा स्विच पाहिला, समाधानाने मान हलवली आणि स्वतः फोन करून पट्टा सुरू करायला सांगितलं.

भोंगा वाजला तेव्हा जावई पट्ट्याच्या मध्यावर होता. त्याची किंकाळी ऐकून पट्टा थांबवेपर्यंत दोन्ही पाय रोलरमध्ये गेले होते.

मास्तरांनी जोडीदाराची गचांडी धरली, कुणाला विचारून कुलूप काढलंस म्हणून. त्याला धड रडताही येत नव्हतं.

"माळ पडली असती हो त्याला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि हात जोडले. ज्याच्याकडे दुसऱ्याची किल्ली असेल त्याने ती समोर ठेवावी, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं लेकीची शपथ घेऊन सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते असं बोलत होते आणि अगदी मनापासून बोलत होते. लोकांनी ऐकून घेतलं. एकानेही खिशातून हात बाहेर काढला नाही.

तिथून ते इस्पितळात गेले. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, खुर्ची तेवढी सरकवून दिली. बऱ्याच वेळाने जावयाने डोळे उघडले. गुडघ्यांखाली चादर सपाट होती, ती त्याने अजून पाहिली नव्हती. सासरे दिसताच तो उठून बसायची धडपड करू लागला. घरी त्यांना मामा म्हणणारा तो पोरगा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, मी विसरलो नव्हतो. मी आतच होतो."