वाडग्याची परतीची फेरी

आमच्या तळमजल्यावर राहणारी, जोडे शिवणारी बाई तोंडात खिळे धरूनच बोलते, म्हणून सगळे तिला खिळेबाई म्हणतात. बाप जोडेच शिवायचा, आजाही. घर शिखांचं; पण अमृत, म्हणजे दीक्षेचं साखरपाणी, घेऊन खालसा व्हायचं तिनं पन्नाशीत ठरवलं. नेमकी ती कामाला जाते त्या दुकानाची मालकीणही त्याच दिवशी अमृत घ्यायला बसणार होती.

“तू पुढच्या वेळी बस,” मालकीण म्हणाली. “तुझं उष्टं मी पिणार नाही. आलीस तर सोमवारपासून कामावर येऊ नकोस.”

घर हिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं. मी म्हटलं, “अगं, थांब की जरा. अमृत कुठं पळून जातंय?”

तिनं खिळे तळहातावर काढले. “आजी, गुरू गोविंदसिंगांनी भरसभेत तलवार उपसून शीर मागितलं. पाच जण उठले. त्यांत न्हावी होता, पाणक्या होता. पाचांना एका वाडग्यातून अमृत पाजलं आणि मग गुरूंनीच त्यांच्यापुढे हात जोडले, आता मलाही द्या म्हणून. तिथं शीर जाणार होतं. माझी तर नुसती नोकरी जातेय!”

ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत मी गुडघे टेकायला शिकले. गुरूनं शिष्यांपुढे हात जोडल्याचं मात्र कधी ऐकलं नव्हतं.

ती गेली. पुढचं तिच्याच तोंडून कळलं. मालकिणीनं हट्टानं रांगेत पहिली जागा धरली, ही शेवटी. आधी ओंजळीत अमृत मिळालं, डोळ्यांवर, केसांवर शिंपडलं गेलं. उरलेलं सगळ्यांनी एकाच वाडग्याला तोंड लावून प्यायचं. वाडगा शेवटापर्यंत आला आणि रीतीप्रमाणे उलटा परत निघाला, कुणी पहिलं राहू नये म्हणून. मालकिणीच्या हे ध्यानातच नव्हतं. खिळेबाईसकट सगळ्यांचा उष्टा वाडगा तिच्या हाती आला. ती थबकली.

अमृत देणाऱ्या पाच जणांना त्या पहिल्या पाचांवरून पंज प्यारे म्हणतात; त्यांतले एक म्हणाले, “बीबी, प्या, नाहीतर उठा.”

ती प्यायली.

सोमवारी खिळेबाई चामडं कापायची रापी घेऊन दुकानाशी हजर. मालकीण दारातच. “तिथलं तिथं. इथं मी मालकीण.”

“आहातच की! पण मला कशापायी काढता, ते त्या पाचांसमोर सांगा. चला, मी येते बरोबर.”

मालकीण दारातून हलेना. तेवढ्यात टाच निघालेला बूट घेऊन एक गिऱ्हाईक आलं.

“सरका बाई, माणूस खोळंबलाय,” म्हणत खिळेबाई तिरकी होऊन आत शिरली. अजून तिथंच बसते.