तोंड वर ठेवून पोहणारा

पुणतांब्यात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा. तिच्यातच मी पोहायला शिकलो, आणि जिल्ह्याच्या शर्यतीत पहिला आलो तेव्हा हायस्कूलच्या खेळाच्या सरांच्या डोक्यात मला पार राज्याच्या स्पर्धेपर्यंत न्यायचं खूळ शिरलं. सर माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घ्यायचे. तोंड पाण्यात घाल, हात लांब टाक. मीही तेवढंच करत होतो आणि स्वतःला मोठा शहाणा समजत होतो.

चांगलं पोहणाऱ्याला गावात आणखी एक काम असतं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

चैत्रात लांबलांबच्या गावांची पोरं कावडी घेऊन गंगेचं पाणी न्यायला येतात. अनवाणी येतात, पाणी भरतात आणि आपल्या गावच्या देवाला घालायला तसंच पळत माघारी जातात. एकाहत्तर सालच्या चैत्रात अशाच एका सकाळी त्यांच्यातला एक जण डोहात उतरला आणि वर आलाच नाही. एरवी बुडालेलं माणूस काढायला नदीवरचे भोई असतात. त्या दिवशी ते सगळे लग्नाला गेले होते. पोलीस पाटील आमच्या दारात आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, पोराला धाडा. दुसरं कोन हाय आता?"

आई दारातून बाजूला झाली. मीच टॉवेल उचलला.

डोहाचं पाणी गढूळ होतं. डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतं. किती बुड्या मारल्या ते आठवत नाही. शेवटच्या बुडीला हात लांब टाकला, तो त्याच्या दंडाला लागला. मी त्याला वर आणलं. माझ्याच वयाचा होता. काठावर कावडीबरोबर आलेला त्याचा बाप बसला होता. पोराचे केस सारखे करत मला एवढंच म्हणाला, "लेकरा, जरा बिगी आला असतास तर?"

त्याला मला दोष द्यायचा नव्हता. खरंच विचारत होता तो. मी टॉवेल उचलून घरी आलो. आईनं मला दाराबाहेरच उभं करून डोक्यावरून पाणी घातलं आणि चावायला कडुनिंबाचा पाला दिला. गावात माझं कौतुक झालं. त्या कौतुकाचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर मी पाण्यात तोंड घालू शकलो नाही. हात पुढे टाकला की वाटायचं, आता काहीतरी लागणार. मी मान ताठ वर काढायचो. सरांना सांगितलं, कान दुखतो. सर समजायचं ते समजले. म्हणाले, "तोवर माझी सायकल घे. दम तरी टिकेल."

सायकल मला मानवली. हातात हँडल असलं की हात कुठे जातोय ते दिसतं. मी राहात्यापर्यंत जायचो, कधी कोपरगावाकडे. संध्याकाळी पळायचो. पुढच्या वर्षी पावसानं दगा दिला आणि गंगेची नुसती डबकी उरली. सगळं गाव पाण्यासाठी जीव टाकत होतं आणि मला मात्र आतून सुटल्यासारखं वाटत होतं. आता मला कोणी पोहायला सांगणार नव्हतं.

पण त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नदी भरली. दसरा झाल्यावर सरांनी एक शर्यत काढली. पलीकडच्या काठावरून नदी पोहून यायचं, घाटावर सायकल घेऊन राहात्याला जाऊन यायचं आणि मग वेशीपर्यंत पळायचं. आता याला ट्रायथलॉन म्हणतात. आम्ही 'तिहेरी' म्हणत होतो. ती सरांनी माझ्यासाठीच काढली होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सायकल आणि पळणं यांत मला तोड नव्हती. राहिलं फक्त पाणी.

पलीकडच्या काठावरून आम्ही उड्या टाकल्या. मी मान वर काढून पोहत होतो, त्यामुळे हां हां म्हणता मागे पडलो. माझ्याबरोबर कोपरगावकडचा एक दांडगा गडी होता. त्याला मध्येच बुडी मारून पाण्याखालून पुढे सरकायची सवय होती. मला ते ठाऊक नव्हतं. तो दिसेनासा झाला, मी हात पुढे टाकला आणि हात एका दंडाला लागला.

मी त्याला धरलं. काखेत हात घातला आणि जिवाच्या आकांतानं जवळच्या काठाकडे, म्हणजे निघालो होतो तिकडेच, ओढत नेलं. तो मला गुद्दे घालत होता, बोंबलत होता, "आरं सोड! म्या बुडत न्हाई!" मला काही ऐकू येत नव्हतं. वाळूवर पालथा पाडून मी त्याची पाठ दाबायला लागलो. तो उलटला आणि त्यानं हात उगारला. माझं तोंड बघून तो हात तसाच राहिला.

"जिता हायेस?" मी विचारलं.

"जिता हाय की! तूच माराया लागला हुतास."

मी त्याचा दंड काही सोडेना. होडी घेऊन आलेला म्हातारा भोई त्याला हळूच म्हणाला, "मागं यानं एक पोरगं काढलं हुतं हितनं. मेलेलं." त्या गड्यानं दंड सोडवायची धडपड थांबवली. समोरच्या घाटावर बाकीचे सायकलींवर बसून निघाले होते. शर्यत आमच्या दोघांच्याही हातून गेली होती. मी त्याला म्हटलं, तू हो पुढं.

"आता कुठं पुढं? गेले समदे," तो उठत म्हणाला. "चल. म्या शेजारनं येतो."

आम्ही परत पाण्यात उतरलो. मी डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातलं. हात लांब टाकला. काही लागलं नाही. श्वास घ्यायला मान वळवली की तो दिसायचा, धापा टाकत, मला आईमाईवरून शिव्या घालत. दर वेळी मी मान वळवायचो आणि दर वेळी तो तिथं असायचा. त्या शिव्या ऐकून मला इतकं बरं वाटत होतं की मी पाण्यातच रडत होतो.